पेजमेकर, विंडोज 11 आणि पतसंस्थेचा अहवाल

सप्टेंबर म्हणजे वर्ध्यातल्या डीटीपीवाल्यांची धांदल. सहकारी संस्थांना वार्षिक सभा 30 तारखेच्या आत घ्यावी लागते, आणि सभेआधी छापील अहवाल सभासदांच्या हाती पडावा लागतो.

सकाळी 9.30
शटर उघडलं, यूपीएस चालू केला. टेबलावर नवा संगणक आहे. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि जुन्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज 11 ला चालत नाही. आता नव्या यंत्रावर पानं मांडायचा 2001 सालचा प्रोग्राम पेजमेकर 7 बसवायचा. तो 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकत नाही, सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करतो. जुने प्रोग्राम आपली सेटिंग स्वतःच्याच फोल्डरात लिहू पाहतात आणि विंडोज विस्टापासून 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये तशी मोकळीक राहिली नाही. मग राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, विंडोज एक्सपीची खूण. उघडला.

10.45
आता प्रिंटर. पेजमेकर पानाची मांडणी निवडलेल्या प्रिंटरप्रमाणे करतो, आणि विंडोज शेवटी वापरलेला प्रिंटर आपसूक मुख्य करून ठेवतं. ती सोय आधी बंद केली. नाहीतर ओळी सरकतात आणि ताळेबंदाची बेरीज पुढच्या पानावर जाते.

12.00
देवळीहून पतसंस्थेचे सचिव आले. मागच्या वर्षीची फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला.

"काऊन जी भाऊ, मांगच्या साली त बराबर दिसत होतं!"

सचिवकाका घाबरले, पण मजकूर जागेवरच होता. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. फॉन्ट मी सकाळीच टाकले होते, पण विंडोज 10 च्या काळापासून साधं 'इन्स्टॉल' केलं की ते फक्त त्या वापरकर्त्याच्या फोल्डरात जातात आणि जुन्या प्रोग्रामांना बऱ्याचदा सापडत नाहीत. 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' केलं. अध्यक्षांचं मनोगत परत मराठीत आलं.

2.30
डबा खाऊन होतो न होतो तोच हिंगणघाटच्या एका अडत्याचा मुलगा आला. वडिलांचे कापसाचे जुने हिशेब डॉसवरच्या फॉक्सप्रोत. चौसष्ट बिटच्या विंडोजवर सोळा बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, आणि विंडोज 11 फक्त चौसष्ट बिटमध्येच मिळतं. डॉसबॉक्सचा खटाटोप करता आला असता. पण त्याला प्रोग्राम नको होता, आकडे हवे होते. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडते. चहा यायच्या आत काम झालं.

4.00
एका जुन्या फॉन्ट पॅकेजला यूएसबी लॉक लागतं आणि त्या लॉकचा चौसष्ट बिटचा ड्रायव्हर माझ्याकडे नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी बसवून लॉक तिकडे जोडलं. त्या एक्सपीचं इंटरनेट कायमचं बंद. 2014 नंतर तिची नियमित डागडुजी थांबली आहे.

5.30
आता खरं काम. अहवालाचा मजकूर युनिकोडमध्ये आणतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षरांत अडखळतो. म्हणून 'कर्ज'सारखे शब्द एकेक शोधून वाचतो. तेरीज पत्रकातले आकडे सचिव मोठ्यानं वाचतात, मी पडद्यावर बोट ठेवतो. अडत्याचे आकडे मोकळे होते, म्हणून प्रोग्राम सोडून देता आला. हा मजकूर त्या फॉन्टात कोंडलेला आहे. तो सुटेपर्यंत पेजमेकर जगवणं भाग आहे.

7.45
सचिवांच्या पेनड्राइव्हवर पीडीएफ, मूळ फाइल आणि युनिकोड मजकूर टाकून दिला.

"हे तीन-तीन कायले?"

"पुढच्या साली दुसऱ्याकडे गेलात तरी काम अडू नये म्हणून."

"मंग तुमचं गिऱ्हाईक जाईन ना भाऊ!"

"म्हणूनच म्हणतो काका, बिल आजच देऊन टाका."