आतला कोण, बाहेरचा कोण

सकाळी ८

जालन्याच्या एमआयडीसीत पाळी बदलायच्या वेळी रस्त्यावर भंगाराचे ट्रक आणि कामगारांच्या मोटारसायकली एकमेकांत घुसतात. आमच्या कारखान्यात भंगार वितळवून बिलेट होतात, बिलेटांच्या सळ्या. माझा भट्टीशी संबंध नाही. ऑफिसच्या मागच्या खोलीत बसून कारखान्याच्या नेटवर्कवर कोण कोणाशी बोलतंय ते बघायचं, हे माझं काम.

बघतं ते खरं तर झीक नावाचं सॉफ्टवेअर. व्हर्न पॅक्सन यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ते लिहायला घेतलं. तेव्हा त्याचं नाव होतं ‘ब्रो’, ते २०१८ मध्ये बदललं. फुकट मिळतं, म्हणून मालकांनी फार प्रश्न न विचारता परवानगी दिली.

प्रत्येक जोडणीची झीक एक ओळ लिहितं: कोणी सुरू केली, कोणाशी, किती वेळ, किती डेटा. त्यात दोन रकाने असे की बोलणं सुरू करणारा आतला आहे का आणि उत्तर देणारा आतला आहे का. आतून बाहेर जाणाऱ्या ओळी सर्वांत जास्त, कारण माणसं मेल बघतात, ई-वे बिल काढतात. बाहेरून आत येणाऱ्या ओळीकडे मान वळवून बघावं लागतं. आणि दोन्ही टोकं बाहेरची असलेली ओळ आमच्या तारेवर दिसायलाच नको. सकाळी पहिल्यांदा मी तीच शोधतो.

आता, पत्ता आतला की बाहेरचा हे यंत्राला कळतं कसं? कळत नाही. त्याला आपण यादी द्यायची. पत्त्याचे सुरुवातीचे आकडे यादीतल्या एखाद्या गटाशी जुळले की आतला, नाही तर बाहेरचा. गेटवरच्या वॉचमनकडे आपल्या गाड्यांचं रजिस्टर असतं, तसंच. नवीन ट्रक घेतला आणि रजिस्टरात चढवला नाही, तर मालकाचीच गाडी गेटवर अडते.

सकाळी ९:३०

आज दोन्ही टोकं बाहेरची अशा ओळींचा ढीग. सगळे पत्ते आयपीव्ही ६ चे, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब पत्ते. काल रात्री वीज गेली, राउटर परत चालू झाला आणि इंटरनेटवाल्यांनी त्याला नवा पत्तागट दिला. यादीत जुनाच. त्यामुळे अकाउंट्समधले सगळे संगणक रातोरात परके.

इथे एक मोह होतो. इंटरनेटवाल्यांचा अख्खा मोठा गट यादीत टाकला की कटकट मिटेल. मिटेल खरी, पण त्याच गटात त्यांची इतर सगळी गिऱ्हाइकं येतात आणि तीही ‘आतली’ होतात. मी आजचा नेमका गट लिहिला आणि कायमचा गट द्या म्हणून त्यांना पुन्हा फोन केला. “बघतो सर,” हे उत्तर मला आता पाठ आहे.

सकाळी ११

विस्तारित शेडचं नेटवर्क बसवणाऱ्या ठेकेदाराने पत्त्यांची यादी पाठवली. त्यात १७२ ने सुरू होणारं सगळंच आतलं धरलंय. ही चूक फार जणांकडून होते. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी तीन गट राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १९२.१६८ चे सगळे, पण १७२ मधले फक्त १७२.१६ ते १७२.३१. बाकीचं १७२ जगाचं आहे. १७२.२१७ तर गूगलचं. ही यादी तशीच चढवली असती, तर आमच्या संगणकावरून गूगलकडे गेलेला डेटा आतल्या आत फिरल्यासारखा दिसला असता. चुकीचा गाजावाजा झाला तर निदान कळतं. इथे मात्र स्क्रीन शांत राहते.

दुपारी १

डबा उघडला आणि शेडमधला स्विच बंद पडला. कॅमेऱ्यांना पत्ता वाटणारा सर्व्हर सापडेना, म्हणून त्यांनी स्वतःच १६९.२५४ चे पत्ते घेतले. तसे पत्ते दिसले की चोर शोधायचा नाही, इलेक्ट्रिशियन शोधायचा.

दुपारी २:३०

दिवसातलं खरं अवघड काम आता. भट्टीचं कंट्रोल पॅनल बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर परराज्यातून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बोगद्यातून, जोडला जातो. जोडला की त्याला आमच्याच १० च्या गटातला पत्ता मिळतो. माणूस शेकडो किलोमीटर दूर, लॅपटॉप त्याचा, त्यात काय घुसलंय ते देव जाणे, आणि आमच्या नोंदीत तो भट्टीशेजारी बसल्यासारखा.

धोक्याची घंटा वाजवायला आमच्याकडे सुरिकाटा आहे. त्याचे बरेचसे नियम ‘बाहेरून घराकडे’ असे लिहिलेले असतात. घर म्हणजे काय, हे त्याच्याही फाइलीत आपणच लिहायचं. मुळात तिथे ते तीन खासगी गट भरलेलेच असतात आणि ‘घर नाही ते बाहेर’ असा हिशेब असतो. म्हणजे या इंजिनिअरच्या लॅपटॉपमधून पॅनलवर हल्ला झाला, तर घंटा वाजणारच नाही.

म्हणून व्हीपीएनसाठी पत्त्यांची वेगळी पट्टी ठेवली आणि ती दोन्हीकडे घराबाहेर काढली. झीकमध्ये ‘शेजारी’ अशी तिसरी यादी करता येते, त्यात ती घातली. मात्र २०२३ च्या सहाव्या आवृत्तीपासून झीक सगळे खासगी पत्ते आपण होऊन आतले धरतं. ती सोय मी बंद ठेवली आहे. चालू असती तर व्हीपीएनची पट्टी पुन्हा घरात आली असती. शिवाय बॅकअप लाइनच्या बाहेरच्या टोकाला आम्हाला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मिळतो. हा गट २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांना त्यांच्या गिऱ्हाइकांत वाटायला दिला गेला. झीकच्या लेखी तोही खासगीच. त्यात आमच्याबरोबर अनोळखी गिऱ्हाइकंही असतात.

संध्याकाळी ६

नोंदींची प्रत घेतली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. सहा तास ऐकायला बरे वाटतात. पण हल्ला आतून आला की बाहेरून, हेच नोंदीत उलटसुलट असेल, तर त्यातले चार गोंधळात जातात.

रात्रपाळीच्या सुपरवायझर भाऊंना एकच सांगून निघालो: वीज येऊन-जाऊन झाली तर वेळ लिहून ठेवा.

एमआयडीसीतल्या इतर कारखान्यांनाही एक विनंती. इंटरनेटची नवी लाइन, नवा व्हीपीएन किंवा नवी शेड सुरू करताना नेटवर्क बघणाऱ्या माणसाला त्याच दिवशी कळवा, आणि पत्त्यांच्या यादीवर ती शेवटची कधी तपासली ती तारीख लिहा.