घराला कुलूप आहे, राउटरला आहे का?

आपल्या मॉरिशसमधील अनेक मराठी कुटुंबांतील कोणी ना कोणी आज विलायतेत आहे. कोणी इस्पितळात परिचारिका आहे, कोणी हिशेबनीस आहे, तर कोणी विद्यापीठात शिकत आहे. माझी भाचीही गेल्या वर्षी तिकडे शिकायला गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"मामा, घर चांगलं आहे. दाराला दोन कुलुपं आहेत. आणि इंटरनेट तर आयतंच मिळालं!"

मी विचारले, "राउटरचा पासवर्ड बदललास का?"

"कशाला? तो पेटीच्या मागे चिठ्ठीवर छापलेलाच आहे की!"

तिच्या आधी त्या घरात कितीतरी भाडेकरू राहून गेले असतील. त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तोच पासवर्ड असणार. भाडेकरू बदलले, किल्ली मात्र तीच राहिली. त्या रात्री आम्ही दोघांनी फोनवर जे काम केले, ते वाचकांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

राउटर म्हणजे कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेली ती लहानशी पेटी. घरातील फोन, लॅपटॉप, टीव्ही हे सारे तिच्याच वाटेने बाहेरच्या जगाशी बोलतात. म्हणजे ती घराचे दारच झाली.

२०१६ साली काय घडले

त्या वर्षी 'मिराई' नावाचा एक किडा इंटरनेटवर सुटला. कारखान्यातून निघताना यंत्रांना जी ठरावीक नावे व पासवर्ड दिलेले असतात, त्यांच्या साठेक जोड्या त्याला पाठ होत्या. तो दारोदार फिरून एकेक जोडी लावून पाही. दार उघडले की ते यंत्र त्याचे गुलाम होई, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसे.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच किड्याचा नवा अवतार आला. दुरुस्तीसाठी ठेवलेल्या मागच्या दाराने तो राउटरमध्ये शिरू लागला. जर्मनीत सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसच्या इंटरनेट सेवेचे सुमारे १ लाख ग्राहक अडकले. टॉकटॉक कंपनीच्या ग्राहकांनाही झळ बसली. राउटर पूर्ववत केला की झाले, असे लोकांना वाटले. पण पूर्ववत केलेला राउटर पुन्हा चिठ्ठीवरचाच वायफाय पासवर्ड घेई, आणि तो तर आधीच चोराच्या हाती गेलेला असू शकतो, हे पेन टेस्ट पार्टनर्स या इंग्रज संस्थेच्या तपासनिसांनी दाखवून दिले.

"माझ्या राउटरमध्ये चोरण्यासारखे काय आहे?" असे कोणी म्हणेल. पण चोराला तुमचा राउटर दुसऱ्यावर दगड मारण्यासाठी हवा असतो. त्याच वर्षी अशा गुलाम यंत्रांची फौज आफ्रिकेतील लायबेरिया या गरीब देशातील लोनस्टार टेलिफोन कंपनीवर सोडण्यात आली. त्या गुन्ह्यासाठी एका ब्रिटिश तरुणाला जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने २ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा दिली.

पुढे ब्रिटनने २०२२ साली कायदा केला आणि २९ एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. सगळ्या यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देऊन ती विकण्यास आता तेथे मनाई आहे. यंत्राची सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हेही जाहीर करावे लागते. पण कायदा नव्या मालाला. भाड्याच्या घरातील जुन्या पेटीकडे आपणच पाहिले पाहिजे.

राउटरसाठी काय करावे

लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा. तो बहुधा पेटीच्या मागे असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.१.२५४ असा. आत गेल्यावर दोन पासवर्ड बदलावेत. एक राउटरच्या कारभाराचा, दुसरा वायफायचा. दोन्ही वेगळे ठेवावेत.

ब्रिटनचे सायबर सुरक्षा केंद्र तीन असंबद्ध शब्द जोडण्याचा सल्ला देते. आपल्याला ते सोपे आहे. एक शब्द आजीच्या स्वयंपाकघरातला घ्यावा, एक उसाच्या शेतातला, आणि तिसरा त्यांच्याशी काडीचाही संबंध नसलेला.

वायफायची सुरक्षा 'डब्ल्यूपीए-३' वर ठेवावी. ती नसेल तर 'डब्ल्यूपीए-२' वर. बाहेरून राउटर चालवण्याची सोय व बटण दाबून जोडणारी 'डब्ल्यूपीएस' सोय बंद करावी. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' जाळे असते, ते त्यांना द्यावे.

लॅपटॉपची गोष्ट

भाचीच्या लॅपटॉपवर लिनक्सपैकी उबुंटू आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली, आणि जुना लॅपटॉप फेकण्यापेक्षा त्यावर लिनक्स घालावे असे तिला वाटले. "लिनक्सला व्हायरस लागत नाही, मामा," असे ती मोठ्या विश्वासाने म्हणाली. मी तिला सांगितले, "मिराईने गुलाम केलेली यंत्रे लिनक्सवरच चालणारी होती!" नावलौकिक म्हणजे कुलूप नव्हे.

उबुंटूमध्ये 'यूएफडब्ल्यू' नावाचा फायरवॉल आधीपासून असतो, पण तो सहसा झोपलेला असतो. त्याला आपण उठवावे लागते. सुरक्षेच्या सूचना आल्या की त्या पुढे ढकलू नयेत. सॉफ्टवेअर अधिकृत भांडारातूनच घ्यावे. दुसऱ्या संगणकावरून आत येण्याची 'एसएसएच' सोय लागत नसेल तर ठेवू नये. लॅपटॉप आगगाडीत विसरला तर आतले कागदपत्र कोणी वाचू नयेत म्हणून लिनक्स घालतानाच संपूर्ण डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय निवडावा. मात्र तिचा पासवर्ड विसरला तर ती कोणीही उघडून देऊ शकत नाही. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी.

एवढे करायला आम्हाला तासभर लागला. पासवर्ड बदलताच घरातील इतर मुलींचे फोन बंद पडले आणि त्या कुरकुरल्या. कारण समजल्यावर त्यांनी आपापले लॅपटॉपही पुढे आणले.

आपल्या मुलांना रविवारी फोन कराल, तेव्हा "जेवलीस का, जेवलास का" हे तर विचाराच. त्याबरोबर राउटरचेही विचारा. आणि फोन ठेवल्यावर आपल्या बैठकीतल्या पेटीची चिठ्ठीही एकदा उलटून पाहा.