आज्ञा आणि अनुज्ञा : नियंत्रित औषधांच्या विक्रीतील लेखनव्यवहार

औषधाच्या वेष्टनावर आढळणारे 'आर-एक्स' हे चिन्ह म्हणजे 'घे' अशा अर्थाच्या लॅटिन आज्ञार्थी क्रियापदाचे संक्षिप्त रूप होय. ही आज्ञा मुळात रोग्याला नव्हे, तर औषध सिद्ध करणाऱ्याला उद्देशून होती. भारतीय कायद्यात मात्र त्या आज्ञेची अनुज्ञा झाली आहे. चिठ्ठीवाचून विक्रेत्याला जे करण्याचा अधिकारच नाही, ते करण्याची मुभा चिठ्ठी त्याला देते.

म्हणूनच १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ चिठ्ठीच्या मजकुराविषयी इतका काटेकोर आहे. तीवर वैद्याची सही व दिनांक, रोग्याचे नाव व पत्ता, एकूण परिमाण आणि मात्रा ही असावयास हवीत. वैद्याने तसे लिहिले नसल्यास एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. औषध देताना विक्रेत्याने वैद्याच्या सहीच्या वर आपले नाव, पत्ता व दिनांक नोंदवावयाचा असतो. ग्राहकाला हा शिक्का निव्वळ सोपस्कार वाटतो. वस्तुतः अनुज्ञा वापरली गेल्याची ती खूण आहे. अनुसूची एच व एक्स यांतील औषधांच्या बाबतीत तर लिहिलेल्याऐवजी दुसरे औषध देण्यास मनाई आहे, मग त्यात तेच द्रव्य का असेना!

१ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या अनुसूची एच-१ मध्ये ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम इत्यादी औषधे येतात. त्यांची विक्री स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही ३ वर्षे जपावी लागते. अनुसूची एक्ससाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत विक्रेत्याने २ वर्षे ठेवावयाची असते.

मॉर्फीनची कथा निराळी आहे. गुंगीकारक द्रव्यांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमाने वैद्यकीय उपयोगाला वाव ठेवला होता खरा. परंतु राज्याराज्यांतील भिन्न नियम व अनेक परवाने यांच्या जाचामुळे ते न बाळगणे हेच कायद्याचे सुरक्षित पालन ठरले, आणि त्याचा भार कर्करोगाच्या वेदनांनी तळमळणाऱ्या रोग्यांवर पडला. २०१४ च्या दुरुस्तीने 'आवश्यक गुंगीकारक औषधे' हा वर्ग निर्माण केला व वैद्यकीय वापराची निश्चिती हेही शासनाचे कर्तव्य मानले. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता एकाच मान्यतेवर ती औषधे ठेवता येतात. साठ्याचा व वाटपाचा हिशेब तिलाही रोज लिहावा लागतोच.