सोनोग्राफीत गाठ दिसली, पुढे काय?

सोनोग्राफी म्हणजे बाळाची तपासणी, असंच आपल्याकडे धरून चालतात. पण 1958 साली ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी या तंत्राने गाजवलेली केस गाठीचीच होती. जठराचा असाध्य कॅन्सर म्हणून आशा सोडलेल्या बाईच्या पोटात अंडाशयाची पाण्याची गाठ निघाली. ती काढली आणि बाई बरी झाली.

‘गाठ म्हणजे कॅन्सर’ ही भीती सर्वांत जास्त नुकसान करते. पाळी चालू असलेल्या वयात अंडाशयात बीज तयार होताना पाण्याची पिशवी बनतेच. कधी ती फुटत नाही, वाढते आणि बहुतेकदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगतात, ती याचसाठी.

‘किती सेंटिमीटर?’ हा आपला पहिला प्रश्न, पण नुसत्या आकारावर निदान ठरत नाही. ‘आयोटा’ या आंतरराष्ट्रीय गटाने 2008 मध्ये सोपे नियम मांडले. एकच कप्पा, आत नुसतं पाणी आणि रक्तप्रवाह नाही, अशी गाठ बहुधा साधी. वेडावाकडा घट्ट भाग, आतल्या भिंतीवर चार किंवा जास्त कोंब, भरपूर रक्तप्रवाह, पोटात पाणी, यांनी संशय वाढतो. साधारण चारातली एक गाठ या नियमांत बसत नाही; तिथे अनुभवी डोळा लागतो. शेवटचं निदान मात्र काढलेल्या गाठीच्या पॅथॉलॉजी तपासणीतच होतं. संशयित गाठीत सुई घालून पाणी काढू नये, पेशी पसरण्याचा धोका असतो.

रक्ततपासणीत सीए-125 वाढलं की कॅन्सर झालाच, असंही नाही. पोटाच्या टीबीतही ते वाढतं, पोटात पाणीही होतं. टीबी आपल्याकडे काही दुर्मीळ नाही.

उलट टोकाचा समज म्हणजे दरवर्षी सोनोग्राफी केली की अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका टळतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा 2021 चा निष्कर्ष असा की, तक्रार नसताना केलेल्या अशा तपासणीने मृत्यू घटले नाहीत. पण पन्नाशीनंतर पोट सतत फुगत असेल, दोन घासांत भरत असेल, तर ‘गॅस’ म्हणून गोळ्या खात बसू नका.

आणि गर्भपिशवी? बीडमध्ये ऊसतोड बायांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये राज्यभर गाजलं. अंडाशयाच्या साध्या गाठीसाठी पिशवी काढायची गरज नसते. ती काढायचा सल्ला मिळाला, तर सही करण्याआधी सगळे रिपोर्ट घेऊन नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात दुसरं मत घ्या.