गोल्फ स्विंगमधील बदल आणि प्रशिक्षणसत्रांमधील अंतर : कारक अध्ययनाच्या दृष्टीने विवेचन

सारांश : अंगवळणी पडलेला गोल्फचा स्विंग बदलताना प्रशिक्षकाकडे किती वेळा जावे, हा प्रश्न वरवर सोयीचा व खर्चाचा वाटतो, वस्तुतः तो अध्ययनाचा प्रश्न आहे. सत्रे फार लांबली तर चुकीची हालचाल पक्की होते, फार जवळ आली तर खेळाडू प्रशिक्षकावर अवलंबून राहतो. प्रस्तुत लेखात कारक अध्ययनातील संशोधन व नामवंत खेळाडूंची उदाहरणे यांच्या आधारे, सत्रे प्रारंभी जवळजवळ व पुढे क्रमाने विरळ असावीत, अशी मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : गोल्फ, स्विंग, कारक अध्ययन, प्रत्याभरण, धारणा, ऋण संक्रमण.

प्रस्तावना :

नवे कौशल्य शिकणे आणि जुने कौशल्य बदलणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. नवशिक्याकडे मोडावयाची सवय नसते. अनेक वर्षे खेळलेल्या व्यक्तीच्या शरीरात मात्र एक स्विंग आधीच मुरलेला असतो आणि प्रत्येक नव्या सूचनेला त्याचा विरोध होतो. शैक्षणिक मानसशास्त्रात यास ऋण संक्रमण म्हणतात. म्हणूनच स्विंग बदलण्यास घेतलेल्या खेळाडूची कामगिरी प्रारंभी सुधारण्याऐवजी घसरते. या घसरणीच्या काळात काहीजण दर दोन दिवसांनी प्रशिक्षकाकडे धाव घेतात, काहीजण बदल सोडून जुन्या स्विंगकडे परततात, तर काहीजण खेळच सोडतात. पैसा, वेळ आणि आत्मविश्वास या तिन्हींची हानी टाळावयाची असेल, तर सत्रांमधील अंतराचा शास्त्रीय विचार आवश्यक ठरतो.

स्विंग बदलणे कठीण का ?

स्विंगमध्ये क्लब खाली येण्यास साधारणपणे पाव सेकंद लागतो. मानवी प्रतिक्रियाकाल सुमारे एक पंचमांश सेकंदाचा आहे. चेंडू व क्लब यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. याचा अर्थ, एकदा क्लब खाली येऊ लागला की जाणीवपूर्वक दुरुस्तीस जवळजवळ वाव उरत नाही. हालचालीचा आराखडा आधीच तयार असावा लागतो, आणि तो सूचना ऐकून नव्हे तर पुनरावृत्तीतून घडतो.

दुसरी अडचण अशी की, जुन्या स्विंगमधील दोष एकमेकांना सांभाळून घेत असतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या व्यक्तीचा चेंडू सतत उजवीकडे वळत जातो, हे नेहमी आढळणारे उदाहरण घेता येईल. अशा खेळाडूचा क्लब बाहेरून आत येतो आणि क्लबफेस त्या मार्गाच्या तुलनेत उघडा असतो. चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतो व कसाबसा मैदानात राहतो. प्रशिक्षकाने प्रथम क्लबचा मार्ग सरळ केला आणि क्लबफेस सवयीने तसाच उघडा राहिला, तर चेंडू उजवीकडेच निघतो व आणखी उजवीकडे जातो. बदल योग्य दिशेने झालेला असतो, पण परिणाम पूर्वीपेक्षा वाईट दिसतो. या क्षणी मार्गदर्शन न मिळाल्यास खेळाडू बदल चुकीचा ठरवून मोकळा होतो. पहिल्या व दुसऱ्या सत्रातील अंतर कमी का असावे, याचे उत्तर येथे मिळते.

तिसरी अडचण संवेदनेची आहे. मनगट थोडे जरी वेगळे ठेवले तरी खेळाडूला ते फार मोठे परिवर्तन वाटते. उलट जुनी सवय परत आली तरी ती ‘बरोबर’ वाटते. शरीराची साक्ष या काळात विश्वसनीय नसते. म्हणून प्रशिक्षकाची नजर, तीही उपलब्ध नसल्यास मोबाइलवरील चित्रीकरण, यांचा आधार घ्यावा लागतो.

संशोधन काय सांगते ?

फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये कारक कौशल्याच्या तीन अवस्था मांडल्या : बोधात्मक, साहचर्यात्मक आणि स्वयंचलित. पहिल्या अवस्थेत काय करावयाचे हे समजून घेतले जाते, दुसरीत चुका कमी होत हालचाल सांधली जाते, तिसरीत ती विचाराविना घडते. स्विंग बदलणारा अनुभवी खेळाडू तिसऱ्या अवस्थेतून पुन्हा पहिल्या अवस्थेत येतो. प्रत्येक अवस्थेतील मार्गदर्शनाची गरज वेगळी असल्याने सर्व काळासाठी एकच अंतर योग्य ठरू शकत नाही.

सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये प्रत्याभरणाच्या दुहेरी स्वरूपाकडे लक्ष वेधले. प्रत्याभरण अध्ययनार्थीला योग्य हालचालीकडे नेते. परंतु ते सतत मिळत राहिल्यास त्याचीच कुबडी होते आणि स्वतःची चूक स्वतः ओळखण्याची क्षमता विकसित होत नाही. विन्स्टाइन आणि श्मिट यांच्या १९९० मधील प्रयोगांत प्रत्येक प्रयत्नानंतर परिणामाची माहिती मिळालेला गट आणि सुमारे निम्म्याच प्रयत्नांनंतर ती मिळालेला गट यांची तुलना केली होती. निम्मी माहिती देताना ती प्रारंभी वारंवार व पुढे विरळ केलेली होती. सरावाच्या वेळी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. नंतरच्या धारणा चाचणीत मात्र कमी माहिती मिळालेला गट सरस ठरला. हा प्रयोग प्रयोगशाळेतील हाताच्या हालचालीवर होता, त्यामुळे त्यातून गोल्फच्या सत्रांचे आठवडे मोजता येत नाहीत. तत्त्व मात्र स्पष्ट होते.

चिव्हियाकोव्स्की आणि वुल्फ यांच्या २००२ च्या अभ्यासातून आणखी एक बाब पुढे आली. प्रत्याभरण केव्हा हवे हे ठरविण्याची मुभा मिळालेल्यांचे अध्ययन अधिक चांगले झाले, आणि त्यांनी ते प्रामुख्याने प्रयत्न चांगला झाल्यावर मागितले. म्हणजेच, केवळ खेळ बिघडल्यावर नव्हे, तर काहीतरी साधल्यासारखे वाटल्यावरही प्रशिक्षकाकडे जाणे उपयुक्त असते.

प्रत्यक्ष गोल्फ स्विंगविषयी ग्वाडाग्नोली, होल्कोम्ब आणि डेव्हिस यांचा २००२ मधील प्रयोग विशेष बोलका आहे. ३० गोल्फपटूंचे तीन गट करण्यात आले : एकास चित्रफितीसह मार्गदर्शन, दुसऱ्यास केवळ शाब्दिक मार्गदर्शन, तर तिसऱ्याने स्वतःच सराव केला. प्रत्येकी ९० मिनिटांच्या चार सत्रांनंतर लगेचच्या चाचणीत मार्गदर्शन मिळालेले दोन्ही गट स्वयंसराव करणाऱ्यांपेक्षा मागे पडले. दोन आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीत चित्र उलटले. मार्गदर्शित गट पुढे गेले व चित्रफितीचा गट सर्वोत्तम ठरला. सत्रानंतर दोन दिवसांनी चेंडू कोठे जातो यावरून सत्राचे मूल्यमापन करणे किती फसवे असते, हे यावरून लक्षात येते.

विरळ सरावाविषयी बॅडली आणि लाँगमन यांचे १९७८ मधील टंकलेखनाचे संशोधन प्रसिद्ध आहे. ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांपैकी दिवसातून एकदा एक तास शिकणारे कर्मचारी, दिवसातून दोनदा दोन-दोन तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तासांत कौशल्य शिकले. परंतु दिवस अधिक लागल्याने याच गटाचे समाधान सर्वांत कमी होते. अध्ययनार्थीला आवडणारी गती व त्याच्या हिताची गती एकच असेल असे नाही, हा धडा गोल्फलाही लागू पडतो.

नामवंत खेळाडूंची उदाहरणे :

निक फाल्डो यांनी १९८५ च्या सुमारास डेव्हिड लेडबेटर यांच्या मार्गदर्शनाखाली स्विंगची पुनर्रचना हाती घेतली. फळ मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली. १९८७ मध्ये म्युअरफिल्ड येथील ओपन स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी अठराही होलवर पार नोंदवून विजेतेपद मिळविले, आणि पुढे एकूण सहा मेजर स्पर्धा जिंकल्या. टायगर वुड्स यांनी १९९७ ची मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांनी जिंकल्यानंतर बुच हार्मन यांच्यासमवेत स्विंग बदलला. १९९८ मध्ये पीजीए टूरवर त्यांना एकच विजय मिळाला; २००० ची यूएस ओपन मात्र त्यांनी १५ फटक्यांनी जिंकली.

जॅक निकलॉस यांची पद्धत निराळी होती. बालपणापासूनचे प्रशिक्षक जॅक ग्राउट यांच्याकडे ते दर हंगामाच्या आरंभी जात व ग्रिप आणि उभे राहण्याची पद्धत यांसारख्या मूलभूत बाबींपासून उजळणी करीत. हे विरळ सत्रांचे उदाहरण होय. पण ते स्थिर झालेल्या स्विंगच्या देखभालीचे आहे, पुनर्रचनेचे नव्हे.

प्रत्येक बदल फळतोच असे नाही. पॅड्रेग हॅरिंग्टन यांनी २००७ व २००८ मध्ये तीन मेजर स्पर्धा जिंकल्या व त्यानंतरही स्विंगमध्ये बदल सुरू ठेवले. पीजीए टूरवरील पुढचा विजय त्यांना थेट २०१५ मध्ये मिळाला. त्यास केवळ बदल कारणीभूत होता असे म्हणता येणार नाही, तथापि बदलांना कोठेतरी विराम हवा, याची जाणीव हे उदाहरण करून देते.

सत्रांचे नियोजन :

वरील विवेचनावरून हौशी खेळाडूसाठी पुढील क्रम सुचविता येतो. यातील कालावधी म्हणजे काटेकोर नियम नव्हेत. आठवड्यातून तीन-चार दिवस थोडा-थोडा सराव होतो, हे येथे गृहीत धरले आहे.

१) प्रारंभीची तीन-चार सत्रे सात ते दहा दिवसांच्या अंतराने घ्यावीत. या टप्प्यात चुकीची पुनरावृत्ती रोखणे हा हेतू असतो. सराव प्रथम चेंडूविना, मग संथ व छोट्या स्विंगने करावा.

२) खेळाडू चेंडूविना व छोट्या फटक्यांत नवी हालचाल करू लागला की अंतर दोन ते तीन आठवडे करावे. सत्राच्या आरंभी प्रशिक्षकाने लगेच चूक न सांगता, ‘हा फटका कसा झाला ?’ असे विचारून खेळाडूला स्वतःचे निदान करू द्यावे.

३) बदल मैदानावर, गुण मोजून खेळतानाही टिकू लागल्यावर चार ते सहा आठवड्यांनी, व त्यानंतर हंगामाच्या आरंभी एखादे सत्र पुरेसे होते.

पुढील सत्र केव्हा घ्यावे, यासाठी दिनदर्शिकेपेक्षा तीन प्रश्न अधिक उपयोगी आहेत. मागील सत्रातील मुख्य सूचना खेळाडूला स्वतःच्या शब्दांत सांगता येते काय ? तिचा पुरेसा सराव झाला आहे काय ? चूक झाल्यावर ती प्रशिक्षकाविना ओळखता येते काय ? पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल, किंवा हालचालीमुळे वेदना होत असतील, तर सत्र अलीकडे आणावे. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर सत्र पुढे ढकलावे. सराव न झालेल्या सूचनेवर नवी सूचना रचल्यास दोन्ही वाया जातात. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी झाले की अंतर वाढवावे. एका वेळी एकच बदल आणि एकच प्रशिक्षक, हेही पथ्य पाळणे इष्ट.

काळाची निवडही महत्त्वाची असते. थंड प्रदेशांत हिवाळा हा बदलाचा काळ मानला जातो. महाराष्ट्रात पावसाळ्यात मैदानावरील खेळ मंदावतो. स्पर्धेचा दबाव नसलेले ते महिने छपराखालच्या रेंजवर नवी हालचाल रुजविण्यास अनुकूल ठरू शकतात.

निष्कर्ष :

स्विंग बदलताना ‘किती सत्रे’ यापेक्षा ‘कोणत्या अवस्थेत किती अंतराने’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रारंभीचे निकट मार्गदर्शन बदलाला योग्य दिशा देते, तर पुढील विरळ मार्गदर्शन तो बदल खेळाडूचा स्वतःचा करते. दोन सत्रांमधील काळ हा रिकामा काळ नसून अध्ययन प्रत्यक्षात घडण्याचा काळ आहे. शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांना गोलंदाजीची शैली किंवा पोहण्याचा हात बदलून घेतानाही हेच तत्त्व उपयोगी पडेल. चांगल्या प्रशिक्षकाची गरज क्रमाक्रमाने कमी होत जाते, आणि ती कमी होणे हेच त्याच्या यशाचे गमक होय.