लंडनचे वार्तापत्र : परवाना कंपनीचा, जोखीम रोख्याची

ब्रिटनमध्ये गुंतवणुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘एफसीएचा परवाना आहे ना?’ फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी म्हणजे इथली सेबी, पण पसारा मोठा. विमा विकणारेही तिच्याच नजरेखाली. परवानाधारक गुंतवणूक कंपनी बुडाली, तर भरपाई योजनेतून माणशी 85 हजार पौंडांपर्यंत मिळू शकतात. मग ‘लंडन कॅपिटल अँड फायनान्स’मध्ये साडेअकरा हजार लोकांचे सुमारे 23 कोटी 70 लाख पौंड अडकले कसे?

मेख परवान्यातच होती. 2016 मध्ये या कंपनीला एफसीएची मान्यता मिळाली. ती विकत होती मात्र स्वतःचे ‘मिनी-बाँड’, आणि स्वतःचे रोखे विकणे हे नियमनाच्या कक्षेतच येत नव्हते. म्हणजे दुकान सरकारमान्य, माल बिनतपासणीचा! बँका जेमतेम एक-दीड टक्का व्याज देत असताना इथे आठ टक्क्यांपर्यंत मिळणार होते, वर जाहिरातीत एफसीएचे नाव. पेन्शनरांनी आयुष्यभराची शिल्लक ओतली. रोखे खपवणाऱ्यांचे कमिशन जमलेल्या रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत होते; उरलेल्यातून एवढा परतावा निघणार कुठून, हे साधे गणित कोणी मांडले नाही. जानेवारी 2019 मध्ये कंपनी कोसळली. ही पाँझी योजनाच होती, असा निकाल 2024 मध्ये हायकोर्टाने दिला.

मला जास्त खटकते ते पुढचेच. शंका आलेल्या काहींनी आधीच एफसीएच्या हेल्पलाइनवर फोन केले होते, आणि त्यांतल्या काहींना चक्क दिलासा मिळाला. डेम एलिझाबेथ ग्लॉस्टर यांच्या 2020 च्या अहवालाने हे चव्हाट्यावर आणले. घोटाळा फुगला तेव्हा एफसीएचे प्रमुख असलेले अँड्र्यू बेली तोवर बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर झाले होते. त्यांनी माफी मागितली; पद शाबूत राहिले. भरपाई योजनेत न बसणाऱ्यांना सरकारने मुद्दलाच्या 80 टक्के, कमाल 68 हजार पौंड दिले. अर्थात करदात्यांच्या खिशातून.

सामान्य ग्राहकांना असे सट्टेबाज मिनी-बाँड विकण्यावर आता कायमची बंदी आहे. क्रिप्टोच्या जाहिरातीत ‘सगळे पैसे बुडण्याची तयारी असेल तरच गुंतवा’ असा इशारा सक्तीचा आहे, आणि नव्या ग्राहकाला 24 तास थांबावे लागते. पण क्रिप्टो कंपन्यांची एफसीएकडची सध्याची नोंदणी मनी लाँडरिंगविरोधी नियमांपुरतीच आहे. ‘एफसीए-नोंदणीकृत’ हे शब्द ऐकून किती जण पुढचे वाचतात?