तोरणमाळ: एका तलावाचं वर्ष

शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग सातपुड्याचा घाट. अकराशे मीटरहून उंच गेल्यावर तोरणमाळचा यशवंत तलाव लागतो. आमच्या घरात बेत ठरतो तो पावसाळ्याचाच. अम्मीला सीताखाईचा धबधबा बघायचा असतो. पण धुकं असं दाटतं की काठावर उभं राहूनही पाणी दिसत नाही! माझं ऐकाल तर ऑक्टोबरात जा. आभाळ निवळलेलं, गवत अजून हिरवं.

कडाक्याच्या थंडीत एखाद्या पहाटे गवतावरचं दव गोठतं. दिवाळी झाली की कित्येक पावरा आणि भिल्ल कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मुलंही जातात. शिक्षक म्हणून मला हाच काळ टोचतो; हजेरीपटावर नाव असतं, बाकावर मूल नसतं. होळीला माणसं परततात, तोवर सागाची पानं गळून डोंगर करडे झालेले असतात. मग पहाटे मोहाची फुलं वेचायला बायका-मुलं टोपल्या घेऊन निघतात.

याच सागवनात रानपिंगळा राहतो. १८८४नंतर हे छोटं घुबड खात्रीने कुणाला सापडलं नव्हतं. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांना ते दिसलं. ते दिवसाही वावरतं, म्हणून मुलांना दाखवता येतं. गोंगाट मात्र नको.

मे महिन्यात तलावाचं पाणी खाली सरकतं. शहाद्यात अंगाची लाही होत असते, इथे रात्री चादर लागते.